गाळ्यात गाडी लावू की इडलीपात्र? (दुकानांच्या पार्किंगच्या नियमाबद्दल)

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. भर बाजारपेठेत, ११ फूट रुंद आणि २४ फूट खोल गाळा, पुढे दीड फुटाचा ओटा. ते गेल्यावर गिरणी दोन वर्षं बंदच होती. मी आणि जाऊबाईंनी ठरवलं की तिथे सकाळचा नाश्ता सुरू करायचा. इडली, उपमा, थालीपीठ. सात ते साडेदहा, मग शटर खाली. बसायला चार बाकडी, बाकी पार्सल. गावाचं नाव लिहीत नाही, निम्मे नातेवाईक इथे वाचतात. ड वर्ग महापालिका आहे, एवढं पुरे.

दुकानाची नोंद घरबसल्या झाली (मोजकीच माणसं असली की नुसती सूचना दिली तरी भागतं). अन्न परवाना आला. गॅसचं झालं. गाडं अडलं ते 'वापर बदल'पाशी. गिरणीचं उपाहारगृह करायचं तर नव्या वापराप्रमाणे पार्किंग दाखवावं लागतं. आर्किटेक्टने कोष्टक काढून सांगितलं, एक चारचाकी आणि काही दुचाकी. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, तुमच्याच जागेत.

मग मी टेप घेऊन बसले. एका चारचाकीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर. आमचा गाळा मीटरमध्ये ३.३५ बाय ७.३. म्हणजे गाडी आत घेतली की तिच्या बाजूला हातभर बोळ आणि मागे २.३ मीटर उरतात. त्यात शेगडी, मोरी, चार बाकडी आणि आम्ही दोघी. जाऊबाई म्हणाल्या, बॉनेटवरच थालीपीठ थापू.

आमचं गिऱ्हाईक कोण, तर पोरांना शाळेत सोडून परत जाणाऱ्या आया, मंडईतले हमाल, क्लासची मुलं. चालत नाहीतर स्कूटरवर. त्या गल्लीत गाडी घेऊन इडली खायला कोणी आलाच तर त्याला मीच हात जोडून परत पाठवीन.

आता मजा बघा. बरोबर समोर एक बँक आहे. तिच्या इमारतीखाली आठ गाड्यांची जागा, साखळी लावलेली, सकाळी दहापर्यंत ठार रिकामी. चार घरं सोडून मंगल कार्यालयाचं मैदान, तेही आठवड्यातले पाच दिवस मोकळं. मी खिडकीवर विचारलं की यातली जागा भाड्याने घेऊन दाखवली तर चालेल का. "तसं काही करता येत नाही." लेखी काहीच नाही, तोंडीच.

खरंच करता येत नाही का? आणि येत नसेल तर नियम इतका ताठ का? जाणकारांनी सांगावं.

बोलघेवडा

पहिला! थालीपीठ बॉनेटवर, इडली रेडिएटरवर. परवानगी मिळाली की पत्ता टाका, मी चालत येईन. शप्पथ.

पेठकर

ताई, मनापासून सांगतो, विचारायला गेलात हीच चूक झाली. गिरणीचं शटर उघडायचं, आत शेगडी ठेवायची, विषय संपला. आमच्या आसपासच्या वाड्यांमध्ये कुठे लॉन्ड्रीचं केकचं दुकान झालं, कुठे टेलरचा मोबाइलवाला झाला. वापर बदलाचा अर्ज कोणी केलाय?

गिरणीवाली

@पेठकर, तेच तर सगळे सांगतायत. पण उद्या कोणी तक्रार केली तर कर्जाचे हप्ते कोण भरणार? बँकेने (समोरच्या नव्हे, दुसऱ्या) कर्जासाठी परवानगीची प्रत मागितलीय.

तिसरा_मजला

मी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर तीन वर्षांपूर्वी असंच एक "छोटंसं" नाश्ता सेंटर आलं. मालक माणूस चांगला आहे, चव उत्तम आहे. पण रविवारी सकाळी आमच्या फाटकासमोर स्कूटरची दुहेरी रांग असते. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स कोपऱ्यावर थांबली आणि स्ट्रेचर हाताने आणावं लागलं. बाबा बरे आहेत आता. पण त्या दिवसापासून "पार्किंगचा नियम सैल करा" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सैल केलेल्या नियमाचा भार तिसऱ्या मजल्यावरच्यांनी उचलायचा असतो.

आणि कागदावरच्या पार्किंगचं तर बोलूच नका. आमच्याच रस्त्यावर एका इमारतीच्या तळघरात नकाशाप्रमाणे पार्किंग आहे. प्रत्यक्षात तिथे रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं आणि महिन्याभरात पार्टिशन उभं राहिलं.

नकाशेबाज

नगररचनेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कोणत्या गावात ते सोडा.

आधी नियम काय आहे ते. मुंबईचं वेगळं, तिथे २०३४ च्या आराखड्याची स्वतंत्र नियमावली. काही हिल स्टेशनं, एमआयडीसी वगैरे सोडून बाकी महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, जिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. त्याआधी वेगवेगळ्या गावांना वेगवेगळ्या पोथ्या होत्या. पार्किंगचं कोष्टक वापरानुसार आहे: राहण्याला वेगळं, दुकानाला वेगळं, उपाहारगृहाला वेगळं. मग गाव लहान असेल तर त्या आकड्याला एकापेक्षा कमी गुणकाने गुणायचं. म्हणजे नियमाला एवढं कळतं की पुणं आणि तुमचं गाव सारखं नाही. पण तुमची गल्ली आणि तुमच्याच गावाचा बायपास सारखा नाही, हे कळत नाही. खरी गोम इथे आहे.

कोष्टकामागचा विचार असा, की ज्याने त्याने आपल्या प्लॉटवर आपली सोय बघावी आणि रस्ता मोकळा ठेवावा. नव्या लेआउटमध्ये, १२ मीटर रस्त्यावर, १० गुंठ्यांच्या प्लॉटवर तो चालतो. गावठाणात प्लॉट पाडले तेव्हा बैलगाडी होती. तिथे एका गाडीची जागा नुसती १२.५ चौ.मी. नसते. आत यायला-वळायला धरून आम्ही उघड्यावर २३, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२ चौ.मी. धरायचो. ताईंचा अख्खा गाळा साडेचोवीस चौ.मी. आहे. म्हणजे कोष्टक म्हणतं, दुकान काढायचं असेल तर दुकानाएवढी आणखी जागा आणा.

आणि @पेठकर म्हणतात ते दुर्दैवाने खरं आहे. जुनं दुकान जुन्याच कागदावर चालत राहिलं तर त्याला कोणी पार्किंग विचारत नाही. अर्ज करणाऱ्यालाच विचारतात. त्यामुळे गावठाणात हा नियम फक्त प्रामाणिक माणसाला लागतो. @तिसरा_मजला यांच्या खालचा नाश्तेवाला कधी टेबलावर आलाच नसेल, मग त्याला अट तरी कोण घालणार?

आता ताईंचा मूळ प्रश्न. "तसं करता येत नाही" हे पूर्ण खरं नाही. अनेक मालकांनी मिळून एकमेकांच्या सोयीसाठी पार्किंगची जागा केली, तर ती त्यांच्या-त्यांच्या आवश्यक पार्किंगमध्ये धरता येईल, प्राधिकरणाच्या मान्यतेच्या अधीन राहून, अशी एक ओळ आपल्याकडच्या विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये फार जुनी आहे. मी नोकरीत असताना ती वाचायचो आणि पुढच्या पानावर जायचो. कारण त्या ओळीला ना फॉर्म, ना फी, ना मुदत. कोणी सही करायची, करार किती वर्षांचा, शेजारी उद्या फिरला तर दुकानाचं काय, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ज्याची सही, त्याची चौकशी. म्हणून कोणी सही करत नाही.

बोलघेवडा

नकाशेबाज काका, "वाचायचो आणि पुढच्या पानावर जायचो" हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक कार्यालयात लावायला हवं.

नकाशेबाज

लावा. मीच खिळा ठोकतो.

मंगलमूर्ती

आमचं मंगल कार्यालय आहे (ताईंच्या गावात नाही, घाबरू नका). लोकांना वाटतं मैदान रिकामं पडलंय, द्यायला काय जातं. तर ऐका.

वैशाखात सकाळचा मुहूर्त असेल तर टेम्पो पहाटे साडेपाचला लागतो. आचारी, मांडव, फुलंवाले, मग वऱ्हाडाच्या बसेस. त्यात कोणाच्या चार स्कूटर उभ्या असल्या की नवरदेवाचा मामा पहिल्यांदा माझ्याकडे येतो. आणि ताईंची गर्दी कधी? शनिवार-रविवार सकाळीच ना? लग्नंही तेव्हाच. पाच दिवस मोकळं असतं हे खरं, पण तुम्हाला नेमके उरलेले दोन दिवस लागणार.

दुसरं म्हणजे आमच्या परवानगीत ते पार्किंग आमच्याच नावावर धरलेलं आहे. तेच तुम्हाला दाखवलं तर आमचं कमी पडेल ना?

नकाशेबाज

बरोबर बोललात. एकच जागा दोघांच्या खात्यावर चढवायची नाही, हे ऑफिसातला ज्युनियरसुद्धा सांगेल. पण खातं घड्याळाचं असेल तर? बँकेची गाडी दहाला येते, नाश्त्याचं गिऱ्हाईक नऊला जातं. एकच खुर्ची दोघांना दिली म्हणून दोघं एकमेकांच्या मांडीवर बसत नाहीत, एक सकाळच्या पाळीला असतो, एक दुपारच्या. कोष्टकाला पाळी हा प्रकार माहीत नाही. त्याच्या लेखी बँक, नाश्ता, लग्न आणि क्लास हे सगळे एकाच वेळी, एकाच मंगळवारी, दुपारी बाराला भरलेले असतात.

म्हणून मला विचाराल तर मंगल कार्यालय सोडा, बँक धरा.

सॅनहोजेची_सून

इथे कॅलिफोर्नियात याच्या बरोबर उलटं दुखणं होतं, म्हणून लिहितेय. माझ्या मैत्रिणीला कपड्याच्या दुकानाच्या जागी डोसा काढायचा होता. तेव्हा शहराचं कोष्टक म्हणायचं, खाण्याच्या जागेला कपड्यांच्या दुकानापेक्षा जास्त गाड्या. मॉलसमोर डांबराचं एवढं मोठं पटांगण की पलीकडच्या टोकाला कोण उभंय ते ओळखू येत नाही, त्यातलं अर्धं कायम रिकामं, तरी कागदावर चार जागा कमी. तिचा तो बेत बारगळला.

डिसेंबर २०२२ मध्ये सॅन होजेने किमान पार्किंगची अटच काढून टाकली. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, तो १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे: मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून (रेल्वे किंवा बसचा मोठा थांबा) अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक बांधकामांना शहराने किमान पार्किंग सांगायचं नाही. याच्या आधी २०१७ मध्ये बफेलोने अख्ख्या शहरातून अट काढली होती. लॉस एंजेलिसचे प्राध्यापक डोनाल्ड शूप (२०२५ मध्ये वारले) आयुष्यभर हेच सांगत होते, की हे आकडे कोणी मोजून काढलेले नाहीत, एका गावाने दुसऱ्या गावाच्या कोष्टकावरून उतरवलेत.

अट काढली म्हणजे पार्किंग बंद झालं असं नाही हं. ज्याला लागेल तो बांधतो. फक्त किती, ते दुकानदार ठरवतो.

तिसरा_मजला

@सॅनहोजेची_सून, तुमच्याकडे अर्धं पटांगण रिकामं, आमच्याकडे फाटक बंद. दोन्हीकडे एकच औषध कसं चालेल? इथे दुकानदाराने "मला शून्य लागतं" असं ठरवलं तर गिऱ्हाईक गाडी कुठे लावेल? आमच्या दारात.

सॅनहोजेची_सून

मान्य. इथे रस्त्यावर लावली तर मीटर असतो आणि पावती खरंच येते. ते नसताना नुसती अट काढली तर तुम्ही म्हणता तसंच होईल.

पेठकर

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर पुण्याचं सांगतो. तुळशीबागेतल्या कुठल्या दुकानाला पार्किंग आहे? एकालाही नाही, आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. कारण गाडी मंडईजवळ मिनर्व्हा किंवा आर्यन वाहनतळावर लावायची आणि चालत सुटायचं, हे प्रत्येक पुणेकराला बाळकडू म्हणून मिळालेलं असतं. पार्किंग आहे, पण दुकानाच्या पोटात नाही, बाजाराच्या कडेला आहे. आता सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या खालूनच मेट्रो जाते. तिथल्या नव्या दुकानाला "तुमची चारचाकी कुठे" हा प्रश्न विचारण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू: रस्त्यावर फुकट लावण्याची सवय. २०१८ च्या मार्चमध्ये पुण्याचं पार्किंग धोरण मंजूर झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून मान्यता, आणि मग ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. दुकानदाराकडून जागा मागायला नियम तयार असतो, गाडीवाल्याकडून तासाचे दहा रुपये मागायचे म्हटलं की मोर्चा. पी-वन पी-टूच्या पाट्या वाचण्यात हयात गेली, सम तारखेला इकडे, विषमला तिकडे, पण दोन्हीकडे फुकटच.

बोलघेवडा

आमच्या काकांनी एकतीस तारखेच्या रात्री लावलेली गाडी एक तारखेला सकाळी उचलली नाही, कारण दोन्ही विषम. ते याला ज्योतिषातला योग म्हणतात.

गिरगाव_ते_ठाणे

मुंबईने जागेच्या बदल्यात चटईक्षेत्र देऊन पाहिलं. जुन्या नियमावलीत कलम होतं की बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला दिला की त्याला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा. वाहनतळ झाले, पण जिथे बिल्डरचा टॉवर होता तिथे झाले, जिथे बाजार होता तिथे नाही. मग २०१९ च्या जुलैत पालिकेने ठरवलं की या वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर पाच हजारांपासून वर दंड. मोठ्या वाहनाला तर टोइंगसकट २३ हजारांपर्यंत. सासऱ्यांनी दादरला जायचं सोडून दिलं होतं काही महिने.

अवांतर: बिल्डर स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) जागा वेगळी विकू शकत नाही हा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल दहिसरच्या एका सोसायटीचा. आजही फ्लॅट घेताना "पार्किंगचे वेगळे" असं सर्रास सांगतात.

करोलबागचा_मराठी

पैसे भरून सुटका हाही पर्याय कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच दिल्लीचं सांगून ठेवतो. २००६ च्या सीलिंगनंतर (घरांत बेकायदा चालणाऱ्या दुकानांना टाळं ठोकायची मोहीम) २००७ च्या मास्टर प्लॅनमध्ये मिश्र वापराचे रस्ते ठरले. घराचं दुकान केलेल्यांनी कन्व्हर्जन शुल्क भरायचं आणि ज्याच्याकडे पार्किंग नाही त्याने एकरकमी पार्किंग शुल्क. कागदावर झकास. त्या पैशातून पालिकेने जवळपास वाहनतळ बांधायचा. इथल्या व्यापाऱ्यांचं कायमचं गाऱ्हाणं आहे की पैसे भरले, वाहनतळ कुठाय? २०१७ च्या डिसेंबरमध्ये सीलिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा जुन्या पावत्या शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत. आमच्या मेसच्या मालकाने त्याची पावती देवाच्या फोटोमागे ठेवली होती.

पैसे भरायचे तर त्या बाजाराच्या नावाने वेगळं खातं हवं. नाहीतर नुसता आणखी एक कर.

चहावाला_वकील

चर्चा छान चाललीय, पण ताईंना सोमवारी काय करायचं ते सांगू या का?

१. बँक भाडेकरू असणार. करार बँकेशी नाही, इमारतीच्या मालकाशी करायचा, बँकेचं ना-हरकत पत्र जोडून.

२. करार लिव्ह अँड लायसन्सचा. लोकांच्या डोक्यात ११ महिने पक्के बसलेत. पण महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असो की ६० महिन्यांचा, नोंदणी करावीच लागते. मग ६० चा करा. नोंदलेला पाच वर्षांचा करार समोर असला की अधिकाऱ्यालाही सही करायला काहीतरी आधार मिळतो. आणि मालकाला सांगा, यात कूळ लागत नाही. मालक लोकांची खरी भीती ती असते, गाडीची नाही.

३. करारात वेळ लिहा. सकाळी ६:३० ते ९:४५, जागा क्रमांक अमुक ते अमुक. "सोयीनुसार" असं मोघम लिहिलंत तर भांडण लागलंच म्हणून समजा.

४. सगळ्यात महत्त्वाचं. हमीपत्रात स्वतःहून लिहून द्या की हा करार संपला आणि नवी जागा दाखवली नाही, तर परवानगी आपोआप रद्द समजावी. (हमीपत्राचा स्टॅम्प आता शंभराचा नाही, पाचशेचा.) अधिकाऱ्याला भीती ही असते की एकदा परवानगी दिली की ती दगडावरची रेघ. तुम्ही ती पेन्सिलची करून द्या.

तिसरा_मजला

चौथा मुद्दा मला पटला. आमच्याकडे हे असतं तर मी तक्रार तरी कुठे करायची ते कळलं असतं. आज म्हणतात, "त्यांना परवानगीच नाही, तर रद्द काय करणार?"

माझ्याकडून एक भर. दुकानाच्या दारावर पाटी हवी: "आमचं पार्किंग समोर, जागा क्र. १ ते ३." नाहीतर जागा कागदावर समोर आणि स्कूटर आमच्या फाटकात. आणि सहा महिने रोज सकाळी कोणीतरी बाहेर उभं राहून स्कूटर तिकडे पिटाळायला हव्यात, गिऱ्हाइकाला आपोआप वळण लागत नाही.

नकाशेबाज

वकीलसाहेबांनी फॉर्मच तयार केला की. जुन्या ओळीला जे हवं होतं ते एवढंच.

ताई, चारचाकीचा आग्रह धरला तर एक गणित सोबत जोडा. चारचाकीची जागा १२.५ चौ.मी., दुचाकीची १ बाय २, म्हणजे २ चौ.मी. क्षेत्रफळाने एका गाडीच्या जागेत सहा स्कूटर बसतात. तुमच्या गिऱ्हाइकाची आठवडाभर मोजणी करा. अजून दुकान सुरू नाही, तर समोरच्या वडापाववाल्याची करा. किती चालत, किती स्कूटरवर, किती गाडीने. तारीख-वार टाकून वहीत लिहा. आमच्याकडे अर्जदार रडत यायचे, ओरडत यायचे, चिठ्ठी घेऊन यायचे. मोजून आलेला मी दोनदाच पाहिला. दोघांचंही काम झालं.

मंगलमूर्ती

एक विचारू का, तो नवीन नियम येणार होता ना, पार्किंग दाखवल्याशिवाय गाडीच घेता येणार नाही, त्याचं काय झालं?

पेठकर

२०२५ च्या मे महिन्यात परिवहन मंत्री तसं बोलले होते खरे. जपानमध्ये १९६२ पासून आहे ते, घराजवळ जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यायचा, मग गाडी. तिथे रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवताच येत नाही. आपल्याकडे दाखले विकत मिळतील अशी शंका सगळ्यांनी तेव्हाच काढली. पण विचार म्हणून बरोबर आहे. आज गाडी घेणाऱ्याला जागा विचारत नाहीत आणि इडली विकणारीला विचारतात.

गिरणीवाली

सगळ्यांचे किती आभार मानू! तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण धावपळ चालू होती.

आधी मोजणी. जाऊबाई आणि माझा मुलगा (दहावीचा, त्याला अभ्यास चुकवायला निमित्त) सहा दिवस सात ते साडेनऊ वडापावच्या गाडीसमोर वही घेऊन बसले. ४१२ माणसं. चालत २७१, दुचाकीवर १२८, सायकलवर ९, गाडीने ४. त्या चारांतला एक पत्ता विचारायला थांबला होता, मुलाने तरी मोजला. वडापाववाल्याला वाटलं आयकरवाले आले, त्याने तिसऱ्या दिवशी फुकट चहा पाठवला.

मग बँकेच्या इमारतीचे मालक. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्या भेटीत "नाही". वकीलसाहेब म्हणाले तेच, कूळ लागेल ही धास्ती. दुसऱ्या भेटीत करार वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुमच्या सासऱ्यांकडे आमचं दळण यायचं. ज्वारी बारीक दळून द्यायचे. करा." बँकेच्या मॅनेजरबाईंची एकच अट, एटीएमच्या दारासमोर कोणी उभं राहायचं नाही आणि पावणेदहाला जागा साफ. वॉचमनकाकांची अट वेगळी: साखळी काढायची-लावायची तर रोज दोन इडल्या. ती करारात घेतलेली नाही.

६० महिन्यांचा करार नोंदवला. तीन जागा, क्रमांकासकट. एक चारचाकीची, दोनमध्ये मिळून बारा स्कूटर. हमीपत्र वकीलसाहेबांच्या शब्दांत. पाटीचा नमुना पण जोडला, @तिसरा_मजला, तुमचं वाक्य जसंच्या तसं.

अर्ज द्यायला गेले तर खिडकीवरचा मुलगा दोन मिनिटं कागद चाळत राहिला. म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या शीर्षाखाली घेऊ? असं शीर्षकच नाहीये." मी म्हटलं, जुनी ओळ आहे नियमावलीत, वाचून दाखवू? त्याने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने आतल्या साहेबांना. पाऊण तासाने साहेब बाहेर आले, मोजणीची वही मागितली, उभ्या-उभ्या तीन पानं उलटली. "सायकली पण मोजल्यात?" एवढंच बोलले आणि वही परत दिली.

शेवटी 'इतर' खाली नोंद झाली. आवक क्रमांक मिळालाय. निर्णय नाही. साइट बघायला येणार म्हणालेत, पुढच्या गुरुवारी.

नकाशेबाज

गुरुवारी किती वाजता?

गिरणीवाली

अकरा.

नकाशेबाज

अकराला बँक भरलेली असेल, त्यांना आठही जागा व्यापलेल्या दिसतील आणि शेरा तसाच जाईल. उद्याच जाऊन सकाळी आठची वेळ मागून घ्या. लेखी.

बोलघेवडा

आणि साहेब आठला येणार असतील तर नाश्त्याचं काय ते बघा. दुकान सुरू झालेलं नाही, हे लक्षात ठेवून. इडल्या वॉचमनकाकांच्या डब्यातून.

गिरणीवाली

आठची वेळ मिळाली. रात्री खडूने समोर बारा चौकटी आखून ठेवतेय, १ बाय २ च्या. वॉचमनकाका टेपचं दुसरं टोक धरणार आहेत.